मठपती सरांची पोच

मठपती सरांचा वर्ग सकाळी सहाला भरायचा, आणि भरला की त्याला बाहेरून कुलूप लागायचं. हे सांगितलं की आमच्या घरातली पोरं हसतात. म्हणतात, बाबा काहीबी सांगतेत. अरे, काहीबी कशाला सांगू? आम्ही एकतीस जण आणि सर, अशी बत्तीस डोकी रोज दोन तास कोंडलेली असायची. किल्ली शिपाई हबीबभाईच्या कमरेला. सहा वाजले की तो दारात येऊन विचारायचा, "सरजी, ताला डालूं?" सर म्हणायचे, "डालो." आठच्या घंटेला कुलूप निघायचं, तोवर कुणाला लघवीला जायची सोय नव्हती. पहिल्या वर्षी पोरं मधेच उठून पळत होती, म्हणून सरांनीच ही युक्ती काढली होती. "तुम्हाला कोंडायचं म्हणल्यावर मी बाहेर कसा राहू?" असं म्हणायचे.

लातूरच्या कॉलेजात विज्ञानाची एक जुनी गॅलरी होती. पायऱ्यापायऱ्यांचे बाक, खिडक्या डोक्याच्या वर, आणि कुठल्याशा नळीतून येणारा गॅसचा वास. दरवाजावर पाटी होती, 'जादा मार्गदर्शन वर्ग'. सगळं कॉलेज त्याला पडेल वर्ग म्हणायचं. इंग्रजी अडकलेली पोरं तिथं जमा केलेली. माझी मराठी निघाली होती, इतिहास निघाला होता, राज्यशास्त्र तर पहिल्याच फटक्यात. इंग्रजी तेवढं तीनदा बसूनही निघंना. तेवढ्या एका पेपरापायी पदवी हातात येईना.

आणि ते दिवस असे, की पदवीला कधी नव्हे तो भाव आलेला. उस्मानाबादेतून लातूर वेगळं होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरत होत्या, पाट्यांचा रंग अजून हाताला लागत होता. पावसाळ्यात कलेक्टर कचेरीत कारकुनांची भरती निघणार अशी पक्की बातमी होती, आणि पदवीधर पाहिजे असं बोलत होते. माझे वडील मुखेडकडं रस्त्यावर गँगमन. पाऊस सलग दोन वर्षं दगा देऊन बसलेला, घरात खाणारी तोंडं सात. वडील एकदा बसनं होस्टेलवर आले, दारातच उभं राहून म्हणाले, "आणिक एक बार बस. ह्या बारीला न्हाई निघालं तर खडी फोडायला ये माझ्यासंगं. मी काय म्हणणार न्हाई तुला." ते काही म्हणणार नव्हते, हेच मला जास्त लागलं.

तर असा मी पडेल वर्गात दाखल झालो.

सर उंच, सडपातळ. पांढरा सदरा, बाह्या दोनदा दुमडलेल्या, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. आठ वाजेपर्यंत त्या गॅलरीत घामानं पट्टे भुवयांपर्यंत उतरलेले असायचे. पहिल्या दिवशी त्यांनी हजेरी घेतली ती अशी: उभं राहायचं, गाव सांगायचं, इंग्रजीत किती पडले ते सांगायचं, कितव्यांदा ते सांगायचं. लाजेनं मान वर होईना. कुणी चोवीस, कुणी अठरा. धामणवाडीची सत्यभामा नावाची एक मुलगी होती, ती म्हणाली, "नऊ." कुणी तरी फसकन हसलं. सर स्वतः उभेच होते, ते आणखी ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "उदगीर. सव्वीस. इंटरला, दुसऱ्यांदा." मग बसा म्हणाले. हसणाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

त्या दिवसापासून त्यांनी कुणाला नावानं हाक मारली नाही. गावानं मारायचे. "ए निलंगा, तू वाच." "ए इस्लापूर, झोपून राहिलास का?" मी मुखेड. नाव-आडनाव घेतलं की वर्गात कोण कुणाचा ते लगेच कळतं, आमच्याकडं तर फारच लवकर कळतं. गावाला तसलं काही चिकटलेलं नसतं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटायचं, ह्यांना नावं ध्यानात राहत नसतील. एकदा एकट्यानं भेटलो तेव्हा मी नमस्कार करू का जय भीम म्हणू अशा विचारात होतो, तर तेच आधी "जय भीम, मुखेड" म्हणून पुढं निघून गेले.

लाल पेन ते वापरत नव्हते. "लाल तुम्हाला आजवर लई लागलंय," म्हणायचे आणि शिसपेन्सिलीनं चुका काढायचे. संताप आला की कानडीत पुटपुटायचे, "येन माडोद?" म्हणजे, काय करावं? घरची भाषा त्यांची कानडी. उदगीरला वडिलांचं तेला-गुळाचं दुकान, आणि हे एकुलते एक. म्हातारे पंधरा दिवसांनी माल घ्यायला लातूरच्या गंजबाजारात यायचे, आणि सकाळी सकाळी आमच्या गॅलरीच्या दाराशी हजर. दाराला कुलूप! मग बाहेरून ते कानडीत बोलायचे, आतून सर कानडीत उत्तर द्यायचे, आणि आम्ही एकतीस जण दाराकडं कान लावून. एकदा फार वेळ चाललं. शेवटी सर आमच्याकडं वळले, चेहरा उतरलेला, पण सांगितलं हसूनच.

"वडील म्हणतेत, कोंडूनच घ्यायचं होतं तर आपलं दुकान काय वाईट होतं?"

सगळा वर्ग हसला. सर नाही हसले. म्हणाले, "त्या गादीवर माझे आजोबा बसले ते उठले न्हाईत. वडील बसले ते उठले न्हाईत. मी एकदा बसलो की संपलंच." मग खडू उचलला.

त्यांची कॉलेजातली नोकरी तरी कुठं धड होती? दर एप्रिलला हुकूम संपायचा, जूनला नवा निघायचा. "मी बी तुमच्यासारखाच, दरसाल पुन्हा बसतो," म्हणायचे. त्या वर्षी मात्र एक कायमची जागा मंजूर झाली होती आणि ती सरांचीच असं सगळे धरून चालले होते.

आता त्यांच्या शिकवण्याचं सांगतो, कारण पुढं जे झालं ते त्याच्यामुळंच झालं. व्याकरणाचं पुस्तक त्यांनी पहिल्याच आठवड्यात खाली ठेवलं. गाइडातलं पत्र कुणी तरी वाचून दाखवत होतं, अबक नावाच्या मुलानं क्षयज्ञ गावाहून मित्राला लिहिलेलं. सर मधेच म्हणाले, "ह्या गावाला एस्टी जाते का?"

"न्हाई सर."

"मग तिथून पत्र कसं येईल? खोटं गाव लिहायचं न्हाई. खोट्या गावाला टँकर येत नसतो."

आणि फळ्यावर त्यांनी लिहिलं, टू द कलेक्टर, लातूर. म्हणाले, "कुणाच्या गावाला पाणी न्हाई?" सगळ्यांचेच हात वर. सत्यभामेचा हात सगळ्यात शेवटी वर आला. शिरूर अनंतपाळकडची तिची धामणवाडी, तिथं शाळेजवळ एकच हातपंप, त्याचा दांडा मोडलेला, आणि बायका कोसभर लांबच्या विहिरीवर रोज जात असलेल्या. सर म्हणाले, "ह्या साली आपलं सगळ्यांचं गाव धामणवाडी."

तेव्हापासून दर शनिवारी एक अर्ज. खराखुरा. एकतीस जणांनी लिहायचा, त्यातला बरा असेल तो निवडायचा, आणि पाळीपाळीनं एकानं तो कलेक्टर कचेरीत नेऊन द्यायचा. पहिल्या अर्जात निलंग्यानं गाइडातलं 'आय बेग टू स्टेट' लिहिलं होतं. सरांनी ते खोडलं. "भीक कशाला मागतो? पाणी मागून राहिलास. पाणी भीक हाय का?" आणि अर्ज देऊन परतलेल्याला दारातच एक प्रश्न असायचा, "पोच घेतली का?" आवकचा शिक्का मारलेली दुसरी प्रत, तारखेसकट, ती पोच. इस्लापूरवाला एकदा नुसताच अर्ज देऊन आला, तर सरांनी त्याला तीन मैल परत पाठवला. "पोच न्हाई तर अर्ज दिलाच न्हाई. कागद तुझ्या हातात नसला की घडलेलं बी घडलेलं नसतं. सरकारदरबारी हे पक्कं ध्यानात ठेव."

सातव्या अर्जाला टँकर आला, राव! सत्यभामा सांगत आली तेव्हा पळतच आली, चप्पल तुटलेली. सर म्हणाले, चला. रविवारी आम्ही सगळे एस्टीनं गेलो. मारुतीच्या पारापाशी टँकर उभा, घागरींची ही झुंबड. सत्यभामेच्या आईनं तांब्या भरून सरांपुढं धरला. पाणी गढूळ होतं, डिझेलचा वास येत होता. सरांनी ते गटागटा पिऊन टाकलं, तोंड पुसलं आणि म्हणाले, "इंग्रजी गोड लागतंय की!" मी त्यांना एवढं मोकळं हसताना त्या एकाच दिवशी पाहिलं.

एप्रिलमध्ये पेपर आला. चौथा प्रश्न: आपल्या गावातील पाणीटंचाईबद्दल जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहा. दुष्काळाचं साल, असला प्रश्न कुठल्याही पेपरात येणारच होता. पण आम्हाला वाटलं, देवच पावला. मी आजूबाजूला पाहिलं तर निलंगा खाली मान घालून हसत होता. कुणी कुणाच्या पेपरात डोकावलं नाही, शपथेवर सांगतो. गरजच नव्हती. एकतीस जणांनी मोडक्या दांड्याचा हातपंप लिहिला, कोसभर लांबची विहीर लिहिली, आणि वर उजव्या कोपऱ्यात ठसठशीत लिहिलं, धामणवाडी.

प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर सूचना छापलेली होती. पत्रात स्वतःचं नाव, गाव, ओळख पटेल अशी कुठलीही खूण लिहू नये. सूचना इंग्रजीत होती. अर्ज लिहायला सरांनी शिकवलं होतं, सूचना वाचायला नाही. आणि गाव खोटं लिहायचं ते फक्त परीक्षेत, एवढं एक वाक्य सांगायचं ते विसरून गेले होते.

जूनमध्ये निकाल लागला. आमच्या एकतीस नंबरांपुढं एकच शब्द: राखीव. म्हणजे निकाल रोखून ठेवलेला.

विद्यापीठाची चौकशी समिती कॉलेजात आली. त्यांचं म्हणणं साधं होतं. एकतीस उत्तरपत्रिकांत एकच गाव, म्हणजे परीक्षकाला खूण पटवायचा डाव. तो पोरांचा असेल तर पोरं तीन परीक्षांना बाद. तो शिकवणाऱ्याचा असेल आणि पोरांना माहीत नसेल, तर पेपर दुसऱ्या परीक्षकाकडून तपासून निकाल लावू. सर त्यांना म्हणाले, "डाव न्हाई, चूक हाय. माझी." सातही अर्जांच्या पोचा टेबलावर मांडल्या. समितीतल्या एकानं त्या चाळल्या आणि म्हणाला, चूक असा रकाना आमच्याकडं नाही.

पुढचं मला हबीबभाईनं सांगितलं. तो संस्थेच्या सेक्रेटरींच्या खोलीबाहेर स्टुलावर बसलेला होता. सेक्रेटरी सरांना म्हणाले, पोरांनी आपसात ठरवून केलं असं लिहून द्या, कायमचा हुकूम तयार आहे, सही तेवढी राहिलीय.  सरांनी विचारलं, "भरतीची शेवटची तारीख कधी?" सेक्रेटरींना कळेना, कसली भरती. हबीबभाई म्हणाला, "मैं बाहर बैठ के समझ गया, उन्हे नै समझे."

भरतीला दहा दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सरांनी वर्ग बोलावला. हबीबभाई दारात आला, "ताला डालूं?" सर म्हणाले, "आज नक्को. ज्याला जायचं त्याला जाऊ दे." कुणी गेलं नाही. सरांनी खडू घेतला. "चला. ह्या सालचा शेवटचा अर्ज."

टू द चेअरमन, इन्क्वायरी कमिटी. त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं आणि आम्हाला इंग्रजी करायला लावलं. 'पत्रात धामणवाडी हे गाव लिहा, असं आम्हाला आमच्या शिक्षकांनी सांगितलं.' हे तर खरंच होतं. दुसरं: 'ती खूण असल्याचं आम्हाला माहीत नव्हतं.' ते लिहिताना फळ्याकडं तोंड करून उभे होते. इस्लापूर म्हणाला, "सर, पर खूण नव्हतीच की ती." सर म्हणाले, "वाक्यात चूक हाय का? न्हाई ना? मग फुडं लिही."

एक शब्द कुणी चुकला तर नेहमीसारखं थांबवत होते, पेन्सिलीनं दुरुस्त करत होते. ती पावणेदोन तासांची शिकवणी मी जन्मात विसरणार नाही. छातीवर कुणी धोंडा ठेवल्यासारखं झालं होतं. आणि खरं सांगतो, कबूल करतो, त्या धोंड्याखाली मला सुटल्यासारखं पण वाटत होतं. निकाल लागणार. भरतीचा फॉर्म भरता येणार. माझीच मला घाण वाटली, पण वाटायचं ते वाटलंच.

सह्यांची वेळ आली. सत्यभामा उभी राहिली. म्हणाली, "माझ्या गावाचं नाव तुमच्यावर आळ घ्यायला वापरायचं? मी न्हाई करणार सही." 

"सत्यभामा," सर म्हणाले. पहिल्यांदाच नावानं. "वरीस जाईल तुझं."

"जाऊ द्या."

सरांनी मान हलवली. "बरोबर हाय तुझं. बस." आणि बाकीच्यांकडं न बघता कागद पुढं सरकवला. आम्ही तिसांनी सह्या केल्या. मी अकरावा होतो.

अर्ज प्रिन्सिपलच्या कचेरीत नेऊन द्यायची पाळी माझी होती. ठरलेल्या क्रमानं ती आलेली, कुणी मुद्दाम दिलेली नाही. पण मला वाटलं होतं, निदान आज तरी सर म्हणतील, दुसरं कुणी जा. तसं म्हणाले नाहीत. दोन्ही प्रती माझ्या हातात दिल्या. "मुखेड, पोच घ्यायला विसरू नकोस."

मी विसरलो नाही.

आठवड्यात निकाल लागला. मला एक्केचाळीस. माझ्या वडिलांनी गँगमधल्या सगळ्यांना पेढे वाटले. मी फॉर्म भरायच्या रांगेत होतो त्याच दिवशी सर कॉलेजातून गेले. जूनचा हुकूम निघालाच नाही, परीक्षेच्या कामावर कायमची बंदी आली. हबीबभाई म्हणाला, पेटी तोच घेऊन एस्टी स्टँडवर गेला होता. सरांनी उदगीरच्या गाडीत बसताना त्याला विचारलं, "अब वो गॅलरी को ताला कौन लगाएगा?" हबीबभाई हे सांगताना रडला होता. सत्यभामा पुढच्या वर्षी पुन्हा बसली, निघाली, शिरूरकडंच मास्तरीण झाली.

मी कलेक्टर कचेरीत लागलो. आवक शाखा. टेबलाला लागून जाळीची खिडकी, त्यातून अर्ज आत घ्यायचा, शिक्का मारायचा, पोच बाहेर द्यायची. नोकरीची बरीच वर्षं मी हेच केलं. उदगीर बसनं दोन तासांवर. एकदा निवडणुकीच्या कामाला गेलो होतो, गुळाच्या दुकानांची गल्ली विचारून विचारून काढली, कोपऱ्यापर्यंत गेलो. गादीवर कुणी तरी पांढऱ्या सदऱ्यातलं बसलेलं दिसलं. तिथूनच मागं फिरलो. काय तोंड दाखवणार होतो?

मग एका उन्हाळ्यात, पुन्हा टंचाईचंच साल, खिडकीतून अर्ज आत आला. मी अक्षर ओळखलं. हात थांबला. वर पाहिलं तर जाळीपलीकडं सर. केस पांढरे, पट्टे तेच, सदऱ्याला तेलाचे डाग. मागं सात-आठ खेड्यातली माणसं, टोप्या-मुंडाशी.

"सर," मी म्हणालो, "आत या. चहा घेऊ."

"रांग हाय मागं, मुखेड. शिक्का मार."

मी शिक्का उचलला, पण मारवेना.  इतक्या वर्षांचं सगळं एकदम वर आलं. कसंबसं म्हणालो, "सर, तो कागद... कमिटीचा..."

ते माझ्याकडं बघत राहिले. वर्गात वाक्य चुकलं की बघायचे तसंच. मग हळूच विचारलं, "त्याची पोच घेतली होतीस?"

पोच माझ्या घरी ट्रंकेत होती. शिक्का, तारीख, प्रिन्सिपलच्या कारकुनाची सही, सगळं जिथल्या तिथं.

"न्हाई सर," मी म्हणालो. "विसरलो."

"मग अर्ज दिलाच न्हाई," सर म्हणाले. "आता ह्याची दे."

मी शिक्का मारला. तारीख घातली. त्यांनी ती प्रत उजेडाकडं धरून नीट वाचली, चार घड्या घालून खिशात ठेवली आणि वळले. "चल रे देवणी. ए वाढवणा, चप्पल घाल, चल," असं एकेकाला गावानं हाका मारत कचेरीच्या पायऱ्या उतरले. मी जाळीला तोंड लावून फाटकापर्यंत त्यांना बघत राहिलो. मागून कुणी तरी अर्ज आत सारला, तो किती वेळ माझ्या हाताशी पडून होता कुणास ठाऊक.

ट्रंकेतला तो कागद मी दोनदा फाडायला घेतला. अजून तसाच आहे.